उंबरावर अडकलेली नीलगिरी आणि माझा उजवा पाय

"एल-वन मणक्याचं बर्स्ट फ्रॅक्चर आहे," डॉक्टर म्हणाले. मी म्हणलं, म्हणजे काय? तर कमरेच्या वरचा मणका दाबून फुटलाय आणि त्याचा तुकडा मागच्या मज्जारज्जूला टेकलाय. पायाकडं जाणारी वायरच दबली म्हणा की. मग त्यांनी माझ्या पायाच्या अंगठ्यांना हात लावला. "हलवा." डावा हलला. उजवा मी हलवत होतो, खरंच हलवत होतो, पण हलंचना. मला कळंना, हा पाय माझाच हाय का!

आता हे सगळं तुमाला का सांगतोय, तर तुमच्या पण बांधावर एखादं वाळलेलं झाड असंल. वाचा मग.

मी वाईचा. मामाचं गाव सांगलीजवळ. मामाच्या बांधावर एक नीलगिरी उभ्या उभ्या वाळलेली. खालनं माणसांची ये-जा, म्हणून मामा म्हणाला पाडून टाकू. मी सुट्टीला गेलेलो, कटर मशीन हातात मिळतंय म्हणून लय खूश. हेल्मेट? कोण घालतंय रं!

झाड कापलं, पण जमिनीवर आलंच न्हाई. कलंडलं आणि शेजारच्या उंबरावर जाऊन अडकलं. आता उंबर म्हणजे दत्ताचं झाड. त्याला आमी कुऱ्हाड लावत न्हाई. ओढून काढावं तर उंबराच्या फांद्या मोडतील, म्हणून मामा त्याला पण नको म्हणाला. "गड्या, नीलगिरीचं बुडातनं तुकडं कर. आपोआप खाली बसंल." मला पटलं की! वाकलो, मशीन लावलं, सगळं खोड हादरलं आणि शेंड्याची वाळकी फांदी तुटून सरळ माझ्या पाठीवर. नीलगिरी मात्र तिथंच लटकलेली.

मग सांगलीचा दवाखाना. एमआरआय, म्हणजे त्या धडधड वाजणाऱ्या बोगद्यात निपचित पडायचं. मग स्पायनल फिक्सेशन, म्हणजे फुटलेल्या मणक्याच्या वर-खाली स्क्रू मारून सळ्या बसवायच्या. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. पयल्यांदा लाज वाटती, मग काय वाटत न्हाई. औषधानं डोकं असं जड की सकाळ हाय का संध्याकाळ ते पण आईला विचारायचो. आणि उजव्या पायाला फूट ड्रॉप, म्हणजे पाऊल पुढनं उचलतच न्हाई, नुसतं लोंबतं.

"पाय येईल का?" मी रोज विचारायचो.

"दुखापत इनकम्प्लीट आहे. म्हणजे मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही," डॉक्टर म्हणायचे. "येऊ शकेल. किती, ते आत्ता सांगता येणार नाही."

येऊ शकेल! ह्या शब्दाचं मी करू काय? हसू का रडू?

त्यात भेटायला येणारी माणसं. एक म्हणायचा, उंबरानं झाड तोललं म्हणून वाचलास. दुसरा म्हणायचा, उंबराला धक्का लावलास म्हणून दत्त कोपला. मी इतका गोंधळलो की शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "कोपलं कोण ते एमआरआयमध्ये दिसत नाही हो. लटकलेल्या झाडाखाली तुम्ही वाकला होता, एवढं मात्र दिसतंय."

आणि मग एकदा आई मोसंबी सोलता सोलता सहज म्हणाली, "मामी दर गुरुवारी उंबराखाली दिवा लावती. तुझ्या पायासाठी. बुडाशी बसती लय येळ."

"कुठल्या उंबराखाली?"

"कुठल्या म्हंजे? त्याच की."

उठता तर येत न्हाई. फोन लावला.

"मामी, तिथं बसताना वर बघतीस का जरा?"

"बघती की. इतकं दिवस पडलं न्हाई, आता कशाला पडंल? दत्त हाय वर."

"वर नीलगिरी हाय, मामी!"

"वरडू नगंस, टाकं निघतील तुझं. आणि दिवा मधीच सोडला तर तुझ्या पायाचं काय?"

खरं सांगतो, माझ्या पण मनात आलं, लावू दे. दिव्यानंच पाय येणार असंल तर? सगळी दुनिया 'येऊ शकेल' म्हणत होती, 'येणार' म्हणणारी एकटी मामी होती. पण डोळ्यापुढं ती लटकलेली नीलगिरी आली. मग म्हणलं, "मामी, पाय न्हाई आला तरी माझं भागंल. तुला काय झालं तर न्हाई भागायचं."

"मुडद्या, असं बोलायचं असतंय व्हय?" आणि ती रडायलाच लागली.

मामानं फोन घेतला. "मग मीच जातो, दोन तुकडं करतो, इषय संपला."

"मामा, न्हाई!" मी असा वरडलो की सिस्टर पळत आल्या.

शेवटी मामानं वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. त्यानं सांगितलेलं ऐका. अडकलेल्या झाडाखाली जायचंच न्हाई, कोणीच न्हाई. ज्या झाडावर ते टेकलंय ते कापायचं न्हाई, म्हणजे उंबर सोडला ते बरोबरच होतं! पण अडकलेल्याचं बुडातनं तुकडं पण करायचं न्हाईत, तिथं आमी चुकलो. माणसं लांब हटवायची, वाट बंद करायची आणि जाणकार माणसाकडनं लांब तारदोरानं ट्रॅक्टरला बांधून बुडाकडनं ओढून घ्यायचं. आणि मुळात कापायच्या आधी मान वर करून वाळक्या फांद्या बघायच्या, मागं पळायची वाट मोकळी ठेवायची, हेल्मेट घालायचं. शेंडा वाळलेला असंल तर आपण हातच लावायचा न्हाई.

तसं केलं. नीलगिरी आली खाली. उंबराच्या दोन-चार फांद्या मोडल्या. मामानं हात जोडले, म्हणाला, "देवा, तुझं हात मोडलं, पण माणसं राहिली."

मी आता वॉकर धरून चालतो, पायाला स्प्लिंट, म्हणजे पाऊल उचलून धरणारी प्लास्टिकची पट्टी. उजवा अंगठा जरासा हलतोय. ऑपरेशननं, व्यायामानं, का दिव्यानं, मला अजून कळलेलं न्हाई. डॉक्टर नुसतं "छान" म्हणतात. पाय तळ्यात-मळ्यातच हाय. पण ज्यांनी ज्यांनी मला उचललं, धुतलं, उभं केलं, त्या सगळ्यांचं लय उपकार.

परवा गुरुवारी मामीनं व्हिडिओ कॉल लावला. उंबराखालनं. फोन उलटा करून आधी वरचं दाखवलं, नुसती पानं आणि आभाळ.

"बघ. काय लटकत न्हाई. आता लावू?"

मी नीट, सावकाश, फांदी न् फांदी बघितली.

"लाव," म्हणलं.