बोरी अरबपलीकडचं हातांनी बोलणारं गाव

त्या रविवारी सकाळी पुतणीच्या वेण्या मीच घातल्या आणि यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणारी एसटी पकडली. प्रणालीला जन्मापासून ऐकू येत नाही. वहिनी दारापर्यंत बजावत आली: शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, गावचे हातवारे शिकवू नका, पोरगी बिघडते.

म्हणूनच तर निघालो होतो.

बोरी अरबला उतरून मामाच्या गावासाठी ऑटो बघावा लागतो. सीटा भरेपर्यंत तो हलत नाही. तेवढ्यात आलुबोंडा खाऊन घ्या. ऑटोवाला म्हणाला, "मुक्यायच्या गावाले कायले चालले भाऊ?"

त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या अनेक घरांत बहिरी माणसं जन्मली, म्हणून ऐकणाऱ्यांनीही हातांची बोली उचलली. शहरातल्या शाळेत वेगळ्या खुणा शिकवतात. जरूर शिकवाव्यात, त्या दूरवर चालतात. पण म्हणून ही बोली म्हणजे चाळे? सुट्टीत घरी आलेल्या नातवाला आजीचे हात कळत नाहीत, याला शिक्षण म्हणायचं?

सुखदेवमामा बहिरे. त्यांनी हातांनी कसलीशी थट्टा केली आणि प्रणाली खुदकन हसली. मामी भाकर थापता थापता म्हणाली, "आमच्या इथं भांडणं बी हातानंच होत. आवाज नाही, पन अर्धं गाव पाहाले जमे. आता जमून बी कोनाले काही समजत नाही."

संध्याकाळी विहारात गेलो. मिटल्या डोळ्यांवरून हात म्हणजे बुद्ध. छातीवर बोटानं ओढलेली वाट म्हणजे धम्म. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली की संघ. पूर्वी सारा विहार मामांबरोबर अशी वंदना करायचा. आता ते एकटेच. प्रणाली त्यांचं बघून हात हलवू लागली. आजवर वंदनेत ती नुसती बसून राहायची.

तेवढ्यात मोबाइलवर चित्रण करणारा एक तरुण पुढे आला. त्यानं मामांचे हात धरून जोडून ठेवले. "व्हिडिओत बरं नाही दिसत, दादा," मला म्हणाला.

मामा तसेच उभे राहिले. प्रणालीनं हात मागे घेतले. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणायलाही आता कुणाची परवानगी?

संध्याकाळनंतर परतीच्या गाडीचा भरवसा नाही, मुक्काम धरूनच जा. त्या रात्री मामांकडून मी तिन्ही सरणांच्या खुणा घोटून घेतल्या.

आमच्या विहारात वंदना मी सांगतो. प्रणालीला पुढं उभं करायचं कधीचं मनात होतं. लोक काय म्हणतील म्हणून राहून जायचं. गेल्या रविवारी तिला शेजारी घेतलं. माझ्या एका हातात माईक; बुद्ध, धम्म दुसऱ्या हातानं कसेबसे निभावले. संघाला दोन्ही हात लागतात.

मी माईक खाली ठेवला.