साखरेच्या जागेवर रुमाल

इतर मास्तर खिशाला पेन लावतात, आमच्या सरांच्या खिशात पानं असायची. "बाई, दोन पानं चावा आणि मग चहा प्या," असं म्हणून ते नव्या माणसाचं स्वागत करत.

पालघर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. मी डहाणूहून एसटीने तलासरीच्या शाळेत इतिहास शिकवायला जाऊ लागले आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या तावडीत सापडले. पानं चावली, चहा घेतला, तर चहात साखरच नाही. मी शिपायाला झापणार, तोच सगळी स्टाफरूम हसायला लागली.

"गुडमार आहे हा. आपल्या कुंपणावरचाच वेल," सर म्हणाले. ते विज्ञान शिकवायचे. "जिभेवर गोडाच्या ठरलेल्या जागा असतात. या पानातलं द्रव्य आधी जाऊन तिथे रुमाल टाकतं. मागून साखर येते, बघते तर सगळ्या सीटा धरलेल्या. मग ती तशीच पोटात जाते." एसटीच्या खिडकीतून रोज रुमाल टाकणाऱ्या बाईला याहून सोपं करून काय सांगणार?

झाडपाल्याचा त्यांना नादच होता. "झाड आपल्यासाठी औषध करत नाही, बाई. अळीने पान खाऊ नये म्हणून ते कडू रसायन बनवतं. अडुळसा घ्या, कडुनिंब घ्या. आपण त्यात आपला खोकला उरकून घेतो."

पण गुडमार खिशात असायचा तो स्वतःसाठी. सरांना गोडाचं भयंकर वेड, आणि मधुमेह. वर डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. इकडे फळ्यावरच्या ओळी डोंगर चढू लागल्या होत्या. एकदा वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनाच त्यांनी दरडावलं, "उशीर का रे? बाहेर अंगठे धर." मुख्याध्यापक बिचारे मुकाट्याने निघून गेले. पण हसण्यावारी किती दिवस जाणार? घरी कॉलेजात शिकणारी मुलगी होती आणि डोळ्यांवाचून नोकरी टिकणार नव्हती.

म्हणून गोळ्या चालू होत्याच, शिवाय गोडाधोडाच्या ठिकाणी जाताना दोन पानं. चव मातीसारखी लागली की मोह होणार नाही, असा त्यांचा हिशेब.

जवळच्या कासा गावात एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत माझ्या शेजारी सर जिलेबीवर जिलेबी खात होते.

"अहो सर, साखर वाढेल."

"गोड लागतच नाही, बाई. पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतंय."

"मग खाताय कशाला?"

"वाढणारा आग्रह करतोय. आणि जे गोडच लागत नाही, त्याला काय घाबरायचं?"

आणि हा म्हणे विज्ञानाचा मास्तर. माझं डोकंच फिरलं. "रुमाल जिभेवर टाकलात. रक्तात कोण सीट धरून बसलंय?" सरांचा हात तिथेच थांबला. पुढच्या तपासणीत साखर चढलेली निघाली आणि ऑपरेशन लांबलं. त्यानंतर मात्र पान चावून ते नुसते हात जोडून बसायचे. शेवटी साखर उतरली आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

सर गेल्या वर्षी गेले. शोकसभेत लोक त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले, माझ्या डोळ्यांपुढे आपला तो पेढा.

ऑपरेशननंतर मी त्यांना बघायला गेले होते. मुलीला नुकतीच नर्सची नोकरी लागली होती. ती पेढे घेऊन आली. "बाबा, अर्धा चालेल. डॉक्टरांना विचारलंय मी."

सरांनी अर्धा पेढा हातात घेतला आणि तसेच बसून राहिले. पोरीचा चेहरा उतरला.

"थांब जरा," सर ओशाळून म्हणाले. "सवयीने आत्ताच पानं चावली गं. तुझ्या नोकरीचा पेढा मला मातीसारखा नाही खायचा."

मग आम्ही तिघंही थांबलो. सर मधूनच साखरेचा दाणा जिभेवर ठेवून बघायचे. "अजून वाळूच." पुन्हा थोड्या वेळाने, "वाळूच." चहा झाला, माझी बस चुकली. काळ्या चष्म्यातून पेढ्याकडे निरखून बघत ते म्हणाले, "वर पिस्त्याचा काप आहे. दिसतोय मला."

अखेर एक दाणा ठेवला आणि म्हणाले, "आली गं, साखर आली." पेढा तोंडात टाकला. चष्म्याखालून पाणी गालावर आलं.

नर्सबाई ताडकन उठल्या. "बाबा, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, किती वेळा सांगितलं?"

"जाऊ कुठे दिलंय," सर पेढा घोळवत म्हणाले. "हे बाहेर येतंय."