रांजणाच्या तळाचा तांदूळ

मापटंभर तांदूळ पातेल्यात ओतायचा, मग पातेल्यातून एक मूठ परत उचलायची आणि रांजणात टाकायची. पाइनेम हे तिच्या आईकडून शिकली होती. मूठ पातेल्यातूनच उचलायची, पोत्यातून नाही, हे आई निक्षून सांगे. पोत्यातली मूठ म्हणजे नुसता तांदूळ. पातेल्यातली मूठ म्हणजे आपल्या तोंडचा घास, आणि तो बाजूला काढला तरी घरातलं कुणी उपाशी उठत नाही.

साठी उलटली तरी तिचा हात रोज पहाटे हेच करत आला. चूल पेटलेली असे, मेरापी डोंगराचं टोक धुक्यातून नुकतं वर येत असे, आणि रांजणात तांदूळ पडल्याचा आवाज होई. लांबवर कुणीतरी रेतीतून चालत गेल्यासारखा.

तिच्या घरात वाया जायला काही उरतच नसे. तांदळाचं पहिलं धुवण दारच्या जाईला, दुसऱ्या धुवणात भांडी. उरलेला भात सुपात पसरून उन्हात वाळे आणि मग तेलात पडला की फुलून कुरकुरीत होई. आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टेंपे, शिळी होऊन उग्र वास सोडू लागली की बाकीच्या बायका नाक मुरडत; पाइनेम म्हणे, आता कुठे ती चटणीला आली. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात साठत. भाजीला उकळी आली की ती जाळ विझवी आणि पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवी. भाजी आपली आपण झोपेत शिजल्यासारखी शिजे. बाजारात ती जाई ती बायका पथाऱ्या आवरायला लागल्यावर. "आता ओझं परत कुठे नेतेस, दे इकडे," म्हणत पालेभाजीच्या तीन जुड्या एकीच्या भावात आणी.

शेजारच्या जुमिलाला हा रोजचा विषय होता. ती पाइनेमला यू म्हणे, म्हणजे ताई.

"यू पाइनेम, तुझ्या घरातला उंदीर काल माझ्याकडे आला. म्हणाला, ताईंकडे कामच नाही."

"ठेवून घे त्याला. तुझ्याकडे सांडलवंड इतकी, त्याचं सगळं खानदान पोसलं जाईल."

पण तिला चिक्कू कुणी म्हणत नसे, कारण तो रांजण भरला की कुणाच्या तरी दारी रिकामा होई. कुणी बाळंत झालेली, कुणाच्या घराचं छप्पर उडालेलं. न विचारता ती पाटी घेऊन जाई आणि पाटी धुऊन परत आणी.

कार्सो, तिचा नवरा, कापणी संपल्यावर आठच दिवसांनी गेला. आपल्या तुकड्याच्या बांधावर दुपारचा टेकला होता, तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घर शेजारणींनी भरलेलं असताना पाइनेम सवयीने चुलीपाशी गेली. रांजण नेमका तेव्हा रिकामा होता. तिने मूठ सोडली आणि दाणे मातीच्या तळावर खणखणले. तो आवाज ऐकून तिच्या मनात आलं, हा रांजण आता हजाराव्या दिवसाचा.

हजाराव्या दिवशी सगळी वस्ती चटईवर येऊन बसते, मशिदीचे मोदीन प्रार्थना म्हणतात, आणि जो तो केळीच्या पानातला भात घरी घेऊन जातो. त्यानंतर गेलेलं माणूस खरंच जातं. तोवर ते घराभोवतीच कुठेतरी असतं, असं तिथे सगळेच धरून चालतात. वस्तीत चाळीस घरं होती. एक हजार मुठी चाळीस घरांना पुरतील, हे पाइनेमने मनाशी ठरवून टाकलं. कार्सोचा निरोप मुलाच्या पगारातून नाही, तिच्या पातेल्यातून जाणार होता.

तळाला पडलेला तो तांदूळ रोजोलेले जातीचा होता. कार्सोने स्वतः झोडलेला, शिजताना केवड्यासारखा वास सुटणारा. पोत्यातला तो तांदूळ घराला सात महिने पुरला. मग मुलाने, बाग्योने, तुकडा तंबाखूवाल्याला कसायला दिला आणि घरात बाजारचा लांबट तांदूळ येऊ लागला. रोजोलेले तळाशी राहिला, वर बाजारचा चढत गेला.

आता तीन-तीन वर्षं एका जागी पडलेल्या तांदळाचं काय होतं हे पाइनेमला कळत नव्हतं असं नाही. सोलोसारख्या शहरातून लग्न होऊन आलेल्या सुनेला, लास्त्रीला, पहिल्याच आठवड्यात तिने बजावलं होतं: "नदुक, पोरी, जुना तांदूळ आधी संपवायचा, नवा खाली घालायचा. नाहीतर आपल्याआधी पोरकिडे जेवतात." पण या रांजणाला तिने तो नियम लावला नाही. सुक्या मिरच्या टाकल्या, लिंबाची पानं टाकली, झाकण लावलं आणि तळाकडे बघायचं सोडून दिलं. आयुष्यात तिने नासू दिलेली बहुधा ती एकच गोष्ट असती.

दुसऱ्या वर्षी तिला तापाने धरलं. पंधरा दिवस ती बांबूच्या बाजेवर पडून होती आणि पुढे महिनाभर चूल सुनेच्या हाती राहिली. ग्लानीतही ती एकच सांगे, "मूठ टाक गं. विसरू नकोस."

त्या दिवसांतलं तिला फार थोडं आठवत होतं. छताच्या कौलांतून उन्हाचा एक कवडसा खाली येई आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राही. तोंडाशी पेजेचा वाडगा येई आणि त्या पेजेला केवड्याचा वास येई. मग कार्सो येई. घोट्यापर्यंत चिखलाने भरलेला, खांद्यावर कुदळ. उंबऱ्यावर बसे आणि तिच्याकडे बघत राही.

"पाय धू आधी," ती म्हणे.

"पाणी कशाला वाया घालवायचं," तो म्हणे, "परत जायचंच आहे."

ताप उतरला तसा तो यायचा थांबला. याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. फक्त कधीमधी भातावरचं झाकण काढताना वाफेत नाक घाली, आणि नुसताच भाताचा वास आला की झाकण ठेवून देई.

हजारावा दिवस तीन दिवसांवर आला तेव्हा बाग्यो आईला म्हणाला, "बू, मी क्लातेनहून डबे मागवतो. पुठ्ठ्याचे, छान असतात. आत सगळं असतं."

"तुझा बाप डब्यात मावायचा नाही."

"मला थट्टा कळते, बू. पण तो तांदूळ तीन वर्षांचा आहे. लोकांच्या पानात किडे गेले तर?"

"बघू तर. खराब निघाला तर तुझे डबे."

असं ठरलं. दुपारी तिने अंगणात चटई अंथरली, झाकण काढलं आणि रांजणात वाडगं घातलं. एक वाडगं, दोन, दहा. तांदूळ कोरडा, सुळसुळीत. ना जाळं, ना भुकटी. बाग्यो उकिडवा बसून बघत होता; तो हसला. "जिंकलात, बू." पण पाइनेम हसली नाही. तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला होता. तिने तळाची मूठ वर काढली आणि उन्हात उघडली. लांबट दाणे. वास घेतला. काही नाही.

लास्त्री पायरीवर केळीची पानं पुसत बसली होती.

"रोजोलेले कुठे आहे?" पाइनेमने विचारलं.

सुनेच्या हातातलं फडकं थांबलं. "बू, त्याला पोरकिडे झाले होते. तुम्ही तापात होतात. मूठ टाकायला झाकण उघडलं, तर वरचा थर चालत होता."

"मग?"

"मग सगळा चटईवर ओतला. वाळवला, चाळला. जुना आधी संपवायचा, नवा खाली घालायचा, तुम्हीच शिकवलंत. जेवढा काढला तेवढा मापून परत टाकला. एक मूठ कमी नाही, बू. हवं तर मोजा."

"आणि तो?"

"खाल्ला."

"कुणी?"

"आपणच."

पाइनेमने मूठ चटईवर सोडली. "बाग्यो, मागव तुझे डबे," म्हणाली आणि घरामागे जाऊन बसली.

तिथून तो तुकडा दिसे. तंबाखूची पानं वाऱ्यावर हळूहळू हलत होती, कुणीतरी पाण्याखालून हलवावीत तशी. ती बघत राहिली. हजार दिवस ती कशावर झाकण ठेवत आली होती? बाजारच्या तांदळावर. रोजोलेले तर तिच्या नकळत केव्हाच निघून गेला होता.

बऱ्याच वेळाने लास्त्री चहा घेऊन आली. "दुसऱ्या पाण्याचाच आहे," ती म्हणाली. "पत्ती तीच. रागावू नका."

पाइनेमने कप घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"बू, सगळ्यात जास्त तुम्हीच खाल्लात तो. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं ना तुमच्या. मी त्याची पेज करायचे. दाणे टोकरलेले होते, पण वास गेला नव्हता. तुम्ही वाडगा नाकाशी धरून बसायचात. आणि मग दाराकडे बघून म्हणायचात, पाय धू आधी."

पाइनेमचा कप ओठाशी थांबला. "तू ऐकलंस?"

"ऐकलं म्हणजे काय! मला वाटलं मलाच म्हणताय. मी जाऊन धुऊन यायचे."

"रोज?"

"दिवसातून तीनदा. कधी कधी चारदा. पाय अगदी पांढरे पडले होते माझे."

पाइनेम सुनेच्या पायांकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना कंप सुटला, आणि लास्त्री घाबरून जवळ आली तेव्हा तिला दिसलं की सासू हसतेय. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हसत होती.

"किती पाणी वाया घालवलंस, बये," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने चटईवरचा तांदूळ पुन्हा एकदा पाखडला आणि बाग्योला सांगितलं, डबे नकोत.

हजाराव्या दिवशी चाळीस घरची माणसं आली. अर्धा तांदूळ शिजवला होता, अर्धा कोरडाच केळीच्या पानांच्या पुड्यांत अंड्यासोबत बांधला होता. मोदीनांचा आवाज अंगणभर पसरला आणि त्यात भाताची वाफ मिसळून गेली. पाइनेम दाराआड उभी राहून उंबऱ्याकडे बघत होती. उंबरा कोरडा होता. चिखल नव्हता, पावलं नव्हती. लोक एकेक करून पुडा छातीशी धरून निघाले.

"यू, तुझ्या घरून मी ओझं उचलून चाललेय," जुमिला जाता जाता म्हणाली. "आज जगबुडी होणार बघ."

"पान टाकू नकोस. बकरीला घाल."

रिकामा रांजण तिने धुतला आणि उन्हात पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पातेल्यात मापटंभर तांदूळ ओतला आणि हाताने आपला आपण एक मूठ उचलली. रांजण अजून बाहेरच पालथा होता. ती मूठ मिटून चुलीपाशी उभी राहिली. बाहेर मेरापी दिसत नव्हता, सगळं पांढरं होतं. कुणासाठी ठेवायची आता, तिला सुचेना. जाळ मंद झाला तशी तिने फुंकर घातली, आणि मूठ पातेल्यात परत सोडली.

त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदाच पूर्ण मापाचा भात शिजला. बाग्योने दोनदा घेतला, लास्त्रीने घेतला, पाइनेमने पोटभर खाल्ला. तरी उरलाच. तिने तो सुपात पातळ पसरला आणि अंगणात ठेवला. चिमण्या येऊ नयेत म्हणून दिवसभर जवळच बसून राहिली, डोळे अर्धे मिटून.

सूर्य तंबाखूच्या शेतामागे गेला तेव्हा लास्त्रीने सूप उचललं. "बू, बघा तरी," ती म्हणाली आणि तिने सगळे दाणे बोटांनी गोळा केले. वाळून ते जेमतेम मूठभर उरले होते.