मानेचं माप

महाल वस्तीत आमच्या खोलीतच माही शिलाई मशीन आहे. शाळेचे शर्ट शिवते मी. लेकरू पाच महिन्याचं. जिना चढला का दम लागते, अन् दिवसा कवाही डोळा लागते, मशीनवरही. सासू म्हणे, "झोपेत घोरता घोरता एकदम चूप होते वं तू. मले वाटते, गेली का काय! मंग भुर्रकन सुरू होते, जुन्या मोपेडसारखी." मी हासली.

लेकराच्या लसीच्या दिवशी दवाखान्याच्या आशाताईनं हे ऐकलं. ते नाई हासली. "झोपेत श्वास थांबते काहींचा," म्हणे. "मान जाड, पोट सुटलेलं, त्याले जास्त भेव. मान मोजून पाह्य. सोळा इंचाच्या वर असन तं डॉक्टरले दाखव."

टेप तं माह्या हाताशीच राहते. मोजली. पंधरा. हुश्श केलं अन् आठ दिवस डॉक्टरकडे गेलीच नाई. गिऱ्हाइकाच्या कॉलरले मी एक बोट ढील सोडते, कोणाचंच माप आवळून घेत नाई. सोताची मान मोजतानी मात्र टेप कातडीत रुतेपर्यंत ओढली होती. ओढतानीच मले ठाऊक होतं.

मंग एका दुपारी लेकराले कुशीत घेऊन पाजून राहिली होती. डोळा लागला. सासूच्या बोंबलण्यानं उठली. "अवं ऊठ! लेकरू दबलं!" तिनं त्याले माह्या खालून ओढून काढलं. तोंड लालबुंद. थोड्या वेळानं रडलं, तवा माहा जीव परत आला.

दुसऱ्या दिवशी सासू अन् मी दवाखान्यात गेलो. सिस्टरनं टेप मानेभोवती नुसती टेकवली. मी ओढाले गेली तं म्हणे, "हात काढ." साडेसोळा. मंग कंबर, उंची, वजन. आकडे डॉक्टर मॅडमनं पाह्यले.

"म्हंजे माहा श्वास थांबते, हे पक्कंच का, मॅडम?"

"नाई. मापावरून एवढंच समजते का तपासा लागते. सोमवारी वायर लावून झोपेची तपासणी करू."

"अन् सोमवारलोक?"

"लेकरू जवळ घेऊन निजू नको."

बाहेर आल्यावर सासू म्हणे, "नवऱ्याची कॉलर पंधराची अन् तुही मान साडेसोळा! भारी पडली वं त्याच्यावर." पण ते सोताही नाई हासली.

आज शनिवार. लेकरू सासूजवळ निजते. भुकेनं रडलं का मी घेते. बसलं का डोळे जडावते, म्हणून उभ्यानंच पाजते, भिंतीलेही टेकत नाई. दम लागते. सासू समोर बसून माह्या डोळ्याकडे पाहात राहते.