दादाच्या गाडीचं वायरिंग

दादाला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तो मुंबईत होता. तीन महिन्यांनी वहिनीने त्याला रत्नागिरीला माझ्याकडे आणलं. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि वहिनीला रजा वाढवून मिळत नव्हती. माझं घर बैठं आहे. मी एकटी राहते, मोजणी खात्यात कारकून आहे. दुपारी शेजारच्या मावशी त्याच्याकडे लक्ष देतील असं ठरलं.

तो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात एक टेम्पो थांबला आणि त्यातून त्याची मोटरसायकल उतरली.

"ही कशाला आणली?" मी वहिनीला विचारलं.

"तो ऐकेना. गाडी आली नाही तर मी जाणार नाही, असं काहीतरी म्हणत होता." मग ती थोडी थांबून म्हणाली, "म्हणजे मला तसं वाटलं. नक्की काय म्हणत होता कोण जाणे."

गाडी दादाने स्वतः घडवलेली होती. मुळात जुनी, एका सिलिंडरची. वर्कशॉपमध्ये टर्नर असताना सुट्टीच्या दिवशी बसून त्याने तिचा मागचा मडगार्ड कापून आखूड केला, टाकी भलत्याच गाडीची बसवली, हॅण्डल रुंद केलं. वायरिंग तेवढं जुनंच राहिलं होतं. आदल्या पावसाळ्यात घाटात तिचे सगळे दिवे एकदम गेले, तेव्हा त्याने ठरवलं की जुन्या वायरी फेकून द्यायच्या आणि सगळं इलेक्ट्रॉनिक करायचं. सामान मागवलं, ते आलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याला झटका आला. ते सामान बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरून गाडीबरोबर आलं होतं.

दादाचा उजवा हात लुळा पडला होता. उजवा पाय ओढत तो काठी घेऊन चालायचा. पण खरी अडचण बोलण्याची होती. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतं. शब्द डोक्यात आहेत, पण बाहेर येताना दुसराच येतो." पाणी हवं असेल तर तो चादर म्हणायचा. मावशींना कंडक्टर म्हणायचा. लहानपणापासून तो मला बाय म्हणतो, ते तेवढं शाबूत राहिलं होतं. आणखी वाईट म्हणजे हो आणि नाही यांचीसुद्धा अदलाबदल व्हायची, आणि तीही दर वेळी नाही.

वहिनी परत गेली आणि दादा रोज सकाळी पायरीवर बसून अंगणाकडे हात करून काहीतरी मागायला लागला.

"बाय, पंखा."

मी खोलीतला पंखा लावला. त्याने मान हलवली. "पंखा," तो पुन्हा म्हणाला. मी पंखा बंद केला. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तो काठी टेकत उठला, बिस्किटांचा डबा डाव्या हाताने ओढत गाडीपाशी घेऊन गेला आणि तिथे बसला. तेव्हा कुठे मला कळलं की पंखा म्हणजे गाडी.

मी एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका वायरमनला बोलावलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने डबा उघडून एकेक वस्तू बाहेर काढली: हलकी बॅटरी, दिव्यांचे नवे बल्ब, बारीक वायरींची बंडलं, आणि साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी, जिच्या दोन्ही बाजूंना वायरी जोडायच्या जागा होत्या. ती डबी त्याने बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

"ताई, ही डबी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. ह्यात फ्यूज नाय, रिले नाय, सगळं आतच. पण मी बसवलेली नाय. जुनं वायरिंग होतं तसं करून देतो, ते झकास चालेल."

त्याने डबी बाजूला ठेवली, तशी दादाने ती उचलली आणि शर्टाच्या आत घातली. वायरमन हसला नाही. "ऱ्हाव दे मग," म्हणाला आणि गेला. जाताना एक साधा बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेला, माझ्या हातात देऊन गेला. "हा ठेवा. वायरीत करंट आहे की नाय, ते हा सांगेल."

अशा रीतीने ते काम माझ्याकडे आलं. मी आयुष्यात ट्यूब बदलली असेल, त्यापलीकडे काही नाही. मला आजही सांगता येणार नाही की मी ते का हातात घेतलं. दादा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी मागत होता, एवढंच असावं.

पहिल्या रविवारी जुन्या वायरी काढायच्या होत्या. मी टाकी उतरवली. खाली वायरींचा जुडगा होता, ऊन लागून कडक झालेला, जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेला.

"सगळं कापू?"

"नाही, नाही," दादा म्हणाला आणि डाव्या हाताने कात्रीसारखी दोन बोटं चालवली.

"नाही म्हणजे नको?"

"नाही," तो चिडून म्हणाला आणि बोटं आणखी जोरात चालवली.

मी पक्कड हातात धरून बसून राहिले. तोंडाचं ऐकावं की हाताचं? शेवटी एक वायर कापली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शांत झाला होता. मग मी सगळ्याच कापल्या. दुपारपर्यंत अंगणात वायरींचा ढीग पडला. आता परतीचा रस्ता नव्हता. वायरमन जे जुन्यासारखं करून देणार होता, तेही त्या ढिगात गेलं होतं.

नव्या वायरी जोडताना रंगांचा घोळ झाला. दादा "निळी" म्हणाला की मी निळी उचलायचे, आणि तो कपाळावर हात मारायचा. मला वाटलं, ह्यात काहीतरी नियम असणार. मी ऑफिसातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदावर तक्ता केला: दादा म्हणतो ते एका बाजूला, त्याला हवं ते दुसऱ्या बाजूला. निळी म्हणजे लाल. हिरवी म्हणजे काळी. दोन संध्याकाळी तक्ता बरोबर चालला. तिसऱ्या संध्याकाळी निळी म्हणजे पिवळी निघाली आणि लाल म्हणजे लालच. मी तक्ता फाडला. ते पाहून दादा हसला की त्याला रडू आलं, तेही मला ओळखता आलं नाही. झटक्यानंतर त्याचं हसरं आणि रडवेलं तोंड सारखंच दिसायचं.

मग मी बोलणंच बंद केलं. वायरींचे तुकडे त्याच्या पुढ्यात मांडायचे, डबीची जागा दाखवायची, तो बोट ठेवेल ती वायर उचलायची. टोक सोलायचं, त्यावर तांब्याचं टोपीसारखं थिंबल पकडीने दाबून बसवायचं. दाबलं की तो ओढून बघायचा. निसटलं की माझ्याकडे परत. प्रत्येक वायरीला मी चिठ्ठी बांधली आणि सगळ्याचा एक नकाशा काढला. ते तेवढं मला येतं. जमिनींचे नकाशे रोज डोळ्यांखालून जातात.

डबीबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं की डबीला आधी शिकवावं लागतं. पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने एकेक बटण दाबायचं, म्हणजे कुठलं बटण कशाचं ते डबीच्या लक्षात राहतं. मी मोठ्याने वाचायचे, दादा ऐकायचा. एका बाजूला शिकलेले शब्द हरवून बसलेला माझा भाऊ आणि दुसऱ्या बाजूला शिकायला बसलेली ती डबी, अशी आमची अवस्था होती आणि शिकवायला मी, जिला काहीच कळत नव्हतं.

तीन आठवड्यांनी सगळं जोडून झालं. मी बॅटरी लावली आणि हॉर्नचं बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही. मागचा लाल दिवा मिणमिणला. इंडिकेटरचं बटण दाबलं तर पुढचा दिवा अर्धवट लागला आणि हॉर्न घशात काही अडकल्यासारखा कुरकुरला. डबीवरचा बारीक दिवा लुकलुकत होता. पुस्तिकेत त्या लुकलुकण्याचे सहा अर्थ दिले होते. सहाही मी तपासले. बल्ब लावून पाहिला. करंट सगळीकडे जात होता. मग दिवे असे वेड्यासारखे का वागत होते?

दादा पुढे वाकून म्हणाला, "जांभा."

"काय जांभा?"

"जांभा. खरवड." बोलायला त्याला फार कष्ट पडत होते. "बाय, जांभा खरवड."

आमच्या घराची मागची भिंत जांभ्याच्या तांबड्या चिऱ्यांची आहे, प्लास्टर न केलेली. तिच्यावर गेल्या पावसाळ्यातलं वाळलेलं शेवाळ अजून होतं. मला वाटलं, गाडीचा विषय सोडून तो भिंतीकडे वळला. असं त्याचं व्हायचं. पण त्याच्या डोळ्यांत इतकी निकड होती की मी उठले, मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खरंच भिंत खरवडायला लागले. लाल भुगा माझ्या पायांवर पडत होता. मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "काय गो करतेस?" मी म्हटलं, "दादा सांगतो तसं करते." त्या आत गेल्या.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. दादा पाय ओढत भिंतीपर्यंत आला होता. त्याने माझं मनगट धरलं. मला वाटलं, पुरे म्हणतोय. पण त्याने मला ओढत परत गाडीपाशी नेलं, टाकीच्या जागेखाली, जिथे काळी वायर चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने आवळली होती तिथे. बोल्ट सैल करायची खूण केली. मी केला. मग त्याने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डाव्या हाताने, वेडावाकडा, बोल्टखालचा रंग खरवडायला सुरुवात केली. काळा रंग निघाला, त्याखालचा लाल निघाला, आणि चकचकीत लोखंड दिसायला लागलं.

"जांभा," तो समाधानाने म्हणाला.

वायरिंगवाले ज्याला अर्थ देणं म्हणतात ते हे होतं. काळी वायर गाडीच्या लोखंडाला टेकायला हवी होती आणि मी ती रंगावर आवळली होती. करंटला परतायला वाट नव्हती, म्हणून तो भलत्याच दिव्यांतून वाट शोधत फिरत होता. इंग्रजीतला अर्थ म्हणजे माती, आणि रत्नागिरीच्या माणसाची माती म्हणजे जांभा. त्याच्या डोक्यात शब्द निघाला होता बरोबर, पोचला होता शेजारच्या दारात.

बोल्ट पुन्हा आवळला. हॉर्न वाजला. सगळे दिवे आपापल्या बटणाला लागले. डबीवरचं लुकलुकणं थांबलं. इंजिन पाचव्या प्रयत्नात सुरू झालं आणि मावशी पुन्हा बाहेर आल्या.

त्यानंतर आमचं भांडण झालं. सगळी बटणं दादाने हॅण्डलच्या डाव्या बाजूला बसवून घेतली होती. मला एकदम वाटलं, हा एका हाताने गाडी चालवायचा बेत करतोय. मी गाडीची किल्ली पर्समध्ये घातली.

"तू चालवणार नाहीस. कळलं?"

"हो," दादा म्हणाला.

"हो म्हणजे चालवणार?"

"हो. नाही. पंखा... बाय... पंखा." त्याने डावा हात हवेत फिरवला आणि पायरीवर जाऊन पाठ करून बसला. कदाचित त्याचा डावा हात फक्त डावीकडेच पोचत होता, म्हणून बटणं तिकडे आली असतील. कदाचित गाडी मी चालवावी असं त्याला म्हणायचं असेल. मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "तुला तिथे समोर बसून कळत नाही, तर मला फोनवर काय कळणार?" तिचंही बरोबर होतं.

शेवटी मी वायरमनला निरोप धाडला. त्याने डबी पाहिली, माझा नकाशा पाहिला, चिठ्ठ्या वाचल्या. मग दादाला म्हणाला, "भाऊ, बसा मागे." दादाला आम्ही दोघांनी धरून मागे बसवलं, त्याने डाव्या हाताने वायरमनचा खांदा पकडला, आणि ते भाट्याच्या पुलाच्या दिशेने निघाले. मी माझ्या स्कूटरवरून मागे. पुलाच्या अलीकडे गाडी डावीकडे वळली आणि तिचा उजवा इंडिकेटर लागला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने उजवीकडून पुढे जायचं सोडून करकचून ब्रेक मारला. पुढे गाडी उजवीकडे वळली आणि डावा इंडिकेटर लागला. माझ्या नकाशात सगळं बरोबर होतं. फक्त मी गाडीकडे समोरून पाहत नकाशा काढला होता, आणि माणूस तिच्यावर मागून बसतो.

पावस गावाच्या रस्त्यावर एका टपरीपाशी आम्ही थांबलो. वायरमनने तिथेच सीट उचलून दोन वायरी आपसांत बदलल्या. दादा सरबताचा पेला धरून त्याच्याशी काहीतरी बोलत होता. मला ऐकू आलं ते "खिडकी" आणि "मंगळवार". वायरमन मान डोलवत होता. काम झाल्यावर मला म्हणाला, "भाऊ म्हणतायत, मागची वायर सायलेन्सरला लागेल, क्लिप मारा." त्याने क्लिप मारली. दादाने त्याच्या पाठीवर थाप दिली.

तेव्हापासून दादा रोज सकाळी रिक्षाने वायरमनच्या गॅरेजमध्ये जातो. स्टुलावर बसतो, दुपारी जेवायला येतो. नव्या गाड्यांच्या वायरी बघतो म्हणे. मी एकदा वायरमनला विचारलं, "तो बोलतो ते तुम्हाला कळतं कसं?"

"काय माहीत," तो म्हणाला. "कळतं."

स्कूटरवरून ऑफिसला जाताना मला जरा वाईट वाटलं, आणि वाईट कशाचं वाटतंय तेही नीट सांगता येईना. संध्याकाळी दादा पायरीवर बसून मला दिवसभराचं सांगतो. मी ऐकते. त्यातलं बरंचसं मला अजून समजत नाही.