अर्ध्या सुरांचे भाऊजी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींइतका तक्रारखोर माणूस हॉलंडमधल्या आमच्या अख्ख्या डीमन गावात शोधून सापडायचा नाही. सायकलच्या घंटीचा सूर उतरलाय म्हणून त्यांनी ती दुकानातून तीनदा बदलून आणली होती. नगरपालिकेला तर ते इतकी पत्रं लिहीत, की तिथले कारकून त्यांना नावानं ओळखत. लॉकडाऊन लागला तेव्हा त्यांची बायको आणि मुलगी पुण्याला गेलेल्या. त्या तिकडेच अडकल्या. घरून ऑफिसचं काम करताना एके दिवशी कम्प्युटरवर त्यांना बोलिव्हियाच्या डोंगरातलं लोकसंगीत सापडलं आणि गृहस्थ पार विरघळले. जिन्यात भेटले की दीड मीटरवरून सांगायचे, "वहिनी, काय सूर आहेत हो! ऐकताना एकटं वाटत नाही."

मग त्यांनी ग्रोनिंगनच्या एका बोलिव्हियन आजींकडून सिकू मागवला. सिकू म्हणजे वेताच्या नळ्या ओळीनं बांधलेलं फुंकायचं वाद्य. तो आला, तर त्यात एकाआड एक सूर गायब! "वहिनी, पीस डिफेक्टिव्ह निघाला," म्हणत भाऊजींनी दोन पानी तक्रार धाडली. आजींचं उत्तर आलं, "काही गायब नाही. उरलेले सूर दुसऱ्या माणसाच्या सिकूत असतात. हा दोघांनी मिळूनच वाजवायचा. तुमच्याकडे कोणी आहे का?" आयुष्यात पहिल्यांदाच भाऊजींनी तक्रार मागे घेतली आणि दुसरा सिकू मागवला.

आठवड्यानं दुसरा सिकू माझ्या दाराशी ठेवून ते मागे सरले. "फुंकणार का? नाही म्हणालात तरी माझी तक्रार नाही." तेव्हापासून रोज संध्याकाळी ते वरच्या बाल्कनीत, मी खालच्या. मी जरा चुकले की स्वारी पहिल्यापासून सुरू करायला लावायची. माझा जीव मेटाकुटीला येई, पण संध्याकाळची वाटही मीच पाहत असे.

त्यातच साताऱ्याला त्यांचे वडील कोविडनं गेले. विमानं बंद. अंत्यसंस्कार त्यांनी मोबाइलवर पाहिले. माझ्या नवऱ्याला ताप, त्यामुळे मला वर जाऊन त्यांच्यापाशी बसताही येईना. संध्याकाळी वरून पहिला सूर आला. मी माझा मिळवला. चार-पाच सुरांनंतर ते थांबले. रडत रडत फुंकता येत नाही.

त्यांचे सूर माझ्याकडे नव्हते. मी आपले माझे तेवढे वाजवत राहिले, त्यांच्या जागा मोकळ्या ठेवत. धून संपली, पुन्हा सुरू केली. वरून आता कधीच काही यायचं नाही, अशी मला फार भीती वाटत होती. तिसऱ्या खेपेला एक सूर आला. कापरा, पण नेमका आपल्या जागी.