मोतीनानांचं थोराड इंजिन

मोतीनाना राठोड माझ्या गॅरेजवर पहिल्यांदा आले ते बैलांनी ओढलेल्या गाडीतून. यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण गाडी म्हणजे लांबलचक काळीभोर परदेशी मोटार होती, आत मऊ गाद्या अन् लाकडी नक्षीचा डॅशबोर्ड. पुढे दोराने जुंपलेली बैलजोडी, बैलांसोबत चालणारा नानांचा भाऊ, आणि आत स्टिअरिंग धरून बसलेले पांढऱ्या पटक्यातले नाना. हिंगोलीत मी तीस वर्षं गाड्या खोलतोय, पण असं ध्यान कधी पाहिलं नव्हतं. हातातला पाना धरून मी बघतच राहिलो. नाना उतरले, टपावर थाप मारली आणि म्हणाले, "मिस्तरी, गाडी एक नंबर हाये. आतला बैल तेवढा मेला."

ती गाडी गावातल्या एका जिनिंगवाल्या शेठजींची. नाना त्यांचे ड्रायव्हर. शेठजी गेले, पोरं पुण्याला गेली आणि जुनी गाडी नानांच्या हवाली करून गेली. मी इंजिन खोललं आणि माझं डोकंच फिरलं. पाण्याचा थेंब नव्हता, पिस्टन जळून जाम झालेले. म्हणालो, "नाना, गरमीचा काटा लालवर गेलेला दिसला न्हाई का? डोळे कुठं होते तुमचे?"

"दिसला की. थांबलो न्हाई."

"मग हा खून केला तुमी."

"व्हय," नाना म्हणाले आणि शांतपणे चहा पिऊ लागले. बशी खाली ठेवल्यावर त्यांनी सांगितलं. बायकोला, जमनाकाकूला, हळदीच्या वावरात साप चावला. तिला मागच्या सीटवर टाकून पुसेगावकडच्या बंजारा तांड्यावरून निघाले तर वाटेत रेडिएटरचा पाइप फुटला. "थांबलो असतो तर इंजिन वाचलं असतं, मिस्तरी. न्हाई थांबलो, तर जमना वाचली. दवाखान्याच्या फाटकात जाऊन पडलं बिचारं." ड्रायव्हरांना शिव्या घालणं हा माझा निम्मा धंदा, पण त्या दिवशी एकही सुचली नाही.

त्यांना आता मोठं इंजिन हवं होतं. "थोराड बैल पाहा. अर्ध्या वाटंत मरणारा नको," एवढंच त्यांचं मागणं. मी परोपरीने सांगितलं, नाना, ही नाजूक गाडी, हिच्यात असलं धूड बसायचं नाही. ते ऐकतात कसले. शेवटी अपघातात चेपलेल्या एका जीपचं डिझेल इंजिन आणलं. इंजिन ज्यावर टेकतं ती माउंटिंग तोडून नवीन वेल्ड केली, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, गिअरबॉक्स बसवताना तर देव आठवले. एवढं करून बॉनेट लागेना. मग मधोमध पत्रा कापून उंचवटा काढला. ते टेंगूळ पाहून मला लाज वाटत होती. नाना मात्र त्यावरून हात फिरवत म्हणाले, "वशिंड आलं की याला."

जुनं इंजिन मी भंगारात घालणार होतो. नानांनी ते पोत्यात गुंडाळून टेम्पोने घरी नेलं. पुढे कानावर आलं की ते त्यांनी वावरात मीठ घालून पुरलं. मला खरं वाटेना. मोटरसायकल काढून तांड्यावर गेलो, तर बांधाला खरंच मातीचा उंचवटा, त्यावर हळद-कुंकू. मी म्हणालो, "नाना, लोखंड हाये हो ते."

"जुवाखाली मेलेला बैल भंगारात देतो का आमी? आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलुख फिरले. ज्यानं आपल्यासाठी जीव दिला त्याला मीठ घालूनच पुरायचं."

मी कपाळाला हात लावला आणि मोटरसायकलला किक मारली.

बरं, एवढं थोराड इंजिन बसवून पळवावं की नाही? तर हे गडी बैलगाडीच्या चालीने चालवणार. मागे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकायचे. विचारलं तर म्हणायचे, "ताकद असावी, मिस्तरी. उठसूट काढू नये." एकदा गाडी रिव्हर्समध्ये सफाईने माझ्या गॅरेजात शिरली आणि ड्रायव्हरच्या दारातून डोक्यावर पदर घेतलेल्या जमनाकाकू उतरल्या. माझा चहा शर्टावर सांडला. नाना बाजूच्या सीटवर बसून मिशीत हसत होते. "मला काही झालं तर कोण चालवंल? शिकवली. बैलापरीस सोपं हाये म्हणते."

एका श्रावणात गाडी सर्व्हिसिंगला आली. पाहतो तर इंजिनाच्या माउंटिंगला पिवळं काहीतरी चोपडलेलं. हळद अन् तूप. नाना म्हणाले, "उद्या पोळा न्हाई का? खांदे मळले त्याचे. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, म्हणलं त्याला बी." पोळ्याला गाडीला झेंडूचा हार, वशिंडावर पुरणपोळी आणि चावी देवळीत, देवापुढे. त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. "पोळ्याला जुंपलं तर पाप लागतं." मी हे गॅरेजातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हसून हसून सांगितलं.

यंदाचा पोळा होऊन काही दिवस झाले होते. गाडी गॅरेजात आली. बॉनेटवरचा हार सुकून काळा पडलेला. स्टिअरिंगवर काकू, एकट्याच. कपाळ मोकळं. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

"पोळ्याला दुपारपासून छाती धरून बसले व्हते. म्हणलं, चला. तर म्हणे, गॅस झालाय, उद्या जाऊ, आज जुंपायचं न्हाई. अँब्युलन्सला फोन लावला, ती दुसरा पेशंट घेऊन परभणीला गेलती. मी देवळीतली चावी घेतली, तर माझा हात धरून बसले. सोडंनात. दिवेलागणीला हात आपोआप सुटला, तवा निघाले मी."

"मग?"

"लई पळवली. कुठंच दमली न्हाई. डॉक्टर म्हणले, दुपारीच आणायचं."

नाना समोर असते तर पाना फेकून मारला असता, इतका राग आला मला त्यांचा. अहो, लोखंडाला कसला पोळा? ज्या माणसाने जमनाकाकूसाठी एक इंजिन जाळलं, त्याला स्वतःसाठी दुसरं सुरू करवलं नाही. मी बसवलेलं ते धूड अंगणात हार घालून उभं होतं, आणि दहा पावलांवर नाना छाती धरून बसले होते. रडू येत होतं आणि शिव्याही येत होत्या.

काकू खाली उतरल्या. म्हणाल्या, "मिस्तरी, बॉनेट उघडा. पोळ्याच्या दिशी जुंपलं मी त्याला. त्याला काही झालं न्हाई ना, तेवढं पाहा."

मी उघडलं. यंदाची हळद अन् तूप वितळून माउंटिंगवरून खाली ओघळलं होतं. चावी फिरवली. आवाज एकसारखा, कुठे खोट नाही.

"काही झालं न्हाई, काकू. चांगलं हाये."

त्यांनी वशिंडावर हात ठेवला. "मंग बरं," म्हणाल्या. "ह्यांनी आधी तेच इचारलं असतं."